शिवकालाची साधनं: कुठल्या कागदावर किती भरवसा ठेवायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शिवजयंती जवळ आली, एखादा ऐतिहासिक सिनेमा लागला किंवा टीव्हीवर कुणी काही बोललं की तेच तेच प्रश्न परत यायला लागतात. "हे पत्र खरं आहे का", "बखरीत असं लिहिलंय, मग तुम्ही नाही कसं म्हणता", वगैरे. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करत बसण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी लिहिलंय. सोप्यापासून सुरुवात केलीय, गुंतागुंतीचं पुढे आहे. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ लागला तर तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

प्र. १. साधन साधन म्हणता, म्हणजे नेमकं काय? इतिहासाचं पुस्तक हे साधन नाही का?

नाही, आणि बरेचसे वाद इथूनच सुरू होतात. साधन म्हणजे ज्याच्यावरून इतिहास लिहिला जातो ती मूळ गोष्ट: पत्र, सनद, महजर, शकावली, करीना, बखर, वखारीतल्या इंग्रजांची पत्रं, मोगल दरबाराची बातमीपत्रं, शिलालेख, नाणं, चित्र. आज दुकानात मिळणारं शिवचरित्र हे या साधनांवरून कुणीतरी काढलेलं मत असतं, ते चांगलं असू शकतं, भिकारही असू शकतं, पण "अमुक पुस्तकात लिहिलंय" हा पुरावा होत नाही. त्या पुस्तकाने तळटीपेत काय दिलंय ते बघा. तळटीपच नसेल तर गोष्ट म्हणून वाचा, मजा येते, पण वादात काढू नका. कादंबरीचं तर बोलायलाच नको, संवाद लेखकाने रचलेले असतात आणि तो त्याचा हक्कच आहे.

प्र. २. समकालीन म्हणजे किती जवळचं? सभासद बखर समकालीन धरायची का?

काटेकोरपणे समकालीन म्हणजे घटना घडत असताना किंवा लगेच लिहिलेलं. कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, शके १६१९ म्हणजे १६९७ मध्ये. महाराज गेले ३ एप्रिल १६८० ला. म्हणजे मध्ये सतरा वर्षं गेली, आणि अफझलखान प्रकरणापासून मोजलं तर जवळजवळ अडतीस. पण माणूस महाराजांच्या दरबारातला, त्यामुळे अभ्यासक तिला बाकीच्या बखरींच्या रांगेत बसवत नाहीत, वरचा पाट देतात. तरी घटनांचा क्रम तिच्यात मागेपुढे होतो आणि आकडे सैल आहेत (त्याचं उदाहरण प्र. १० मध्ये). कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत' खुद्द महाराजांच्या हयातीतलं, पण ते काव्य आहे, महाराजांच्याच सांगण्यावरून केलेलं आहे आणि १६६१ च्या आसपास येऊन अर्धवट थांबतं. तेव्हा समकालीन आहे म्हणून जसंच्या तसं खरं, असंही नाही.

प्र. ३. मग सगळ्यात भरवशाचं साधन कोणतं? एकच नाव सांगा ना.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं एका नावात उत्तर नाही. साधन सरसकट भरवशाचं किंवा बिनभरवशाचं नसतं, ते अमुक एका गोष्टीसाठी भरवशाचं असतं. सुरतेच्या वखारीतला इंग्रज शहरात कुठे आग लागली, कुणाचा वाडा लुटला हे डोळ्याने बघून लिहितो, तिथे त्याचं ऐका. तोच इंग्रज महाराजांच्या मनात काय होतं हे लिहायला लागला की ती बाजारगप्प समजा.

म्हणून कुठलाही कागद समोर आला की मी तीनच गोष्टी विचारते. लिहिणाऱ्याला हे कसं कळलं, स्वतः बघितलं की ऐकलं? घटनेनंतर किती दिवसांनी लिहिलं? आणि असं लिहून त्याचं काय भलं होणार होतं? यातला तिसरा प्रश्न लोक विसरतात, आणि खरी गोम तिथेच असते. वतनाच्या भांडणात दिलेला करीना घ्या, करीना म्हणजे घराण्याची हकिकत. त्यात प्रत्येक घराण्याच्या पूर्वजाने हटकून एखादी लढाई जिंकून दिलेली असते! पण त्याच करीन्यात सहज जाता जाता "त्या साली दुष्काळ पडला म्हणून गाव सोडलं" असं आलं तर ते बहुतेक खरं, कारण ते खोटं लिहून त्याला काहीच मिळणार नव्हतं.

प्र. ४. अस्सल, नक्कल आणि बनावट यात फरक काय? नक्कल म्हणजे खोटंच ना?

नाही हो. अस्सल म्हणजे जो कागद त्या वेळी शिक्क्यानिशी निघाला तोच. नक्कल म्हणजे त्याची उतरवून घेतलेली प्रत, ती त्याच काळात दफ्तरात ठेवायला केलेली असू शकते किंवा शंभर वर्षांनी वतनदाराने केलेली. नक्कल खरी असू शकते, फक्त उतरवताना नावं, आकडे, तारखा चुकतात हे ध्यानात ठेवायचं. बनावट म्हणजे मुळात नसलेलाच कागद तयार करणं. आणि हे आजचं खूळ नाही, वतनासाठी बनावट कागद करणं हा जुना धंदा होता, पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांचे तंटे पिढ्यानपिढ्या चालायचे आणि जुनी सनद दाखवली की पारडं फिरायचं. तेव्हा हेतू जमिनीचा होता, आता घराण्याचा किंवा जातीचा मोठेपणा हा असतो.

गोतसभेचा महजर, म्हणजे गावकऱ्यांच्या न्यायसभेच्या निवाड्याचा कागद, मात्र तुलनेने बरा, कारण त्यावर गावातल्या पाटलापासून बलुतेदारांपर्यंत सगळ्यांच्या साक्षी आणि निशाण्या असतात, कुणब्याचा नांगर, सुताराची किंकरं वगैरे. एवढ्या लोकांना एकदम खोटं बोलायला लावणं अवघड.

प्र. ५. व्हॉट्सअॅपवर महाराजांचं पत्र आलंय. खरं की खोटं घरबसल्या कसं ओळखायचं?

शंभर टक्के निकाल घरी बसून लागत नाही, पण दहातले आठ फॉरवर्ड दोन मिनिटांत गळतात.

पहिलं, पत्र कुणाला आणि कधी लिहिलं हे दिलंय का बघा. खऱ्या पत्राला पावणारा असतो, तारीख असते, काहीतरी काम असतं. महाराज हवेत भाषण करायला पत्र लिहीत नव्हते. "माझ्या मावळ्यांनो" अशी सुरुवात आणि खाली नुसतं "छत्रपती शिवाजी महाराज" अशी सही असेल तर पुढे वाचूच नका. खरी पत्रं "अज रख्तखाने राजश्री शिवाजीराजे" अशी सुरू होतात किंवा "मशहुरल अनाम" अमुक अमुक यांसी अशी, आणि शेवटी "मर्यादेयं विराजते" असं मोर्तब, म्हणजे पत्र संपल्याचा शिक्का. सही करण्याची पद्धत नव्हती.

दुसरं, भाषा. त्या काळच्या पत्रात फारसी शब्द ठासून भरलेले असतात. राज्याभिषेकानंतर ते कमी होत गेले, राज्यव्यवहारकोश (फारसी शब्दांना संस्कृत शब्द देणारा कोश) त्याचसाठी करून घेतला, म्हणून फारसी कमी दिसलं की लगेच खोटं असं म्हणू नका. पण "राष्ट्र", "क्रांती", "समाजव्यवस्था" असे शब्द आजच्या अर्थाने आले की ते गेल्या शे-दीडशे वर्षांतलं लिखाण.

तिसरं, कुठे छापलंय? राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड, भारत इतिहास संशोधक मंडळाचे 'शिवचरित्रसाहित्य'चे खंड, 'शिवकालीन पत्रसारसंग्रह', यातला लेखांक फॉरवर्ड करणाऱ्याला विचारा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही, किंवा ग्रुपमधून काढून टाकतात.

चौथं आणि गमतीचं, खरी पत्रं बहुतेकदा रुक्ष असतात आणि तिथेच जास्त हलवून सोडतात. १६७३ मध्ये चिपळूणजवळ लष्कराची छावणी पडली होती, तिथल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र वाचा. गवत जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी मरायला लागतील, लोक कुणब्याकडचे दाणे, गवत, भाजी ओढून आणायला लागतील तर रयत म्हणेल यांच्यापेक्षा मोगल बरे, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील! उंदराची वात फॉरवर्ड बनवणाऱ्याला कधी सुचेल का?

प्र. ६. "झाडं रयतेने लेकरासारखी वाढवली" हे महाराजांचं पत्र तरी खरं ना? सरकारी पोस्टरवर पण असतं.

मजकूर जुना आणि अस्सल वळणाचा आहे, पण ते महाराजांचं पत्र नाही. तो आज्ञापत्रातला उतारा आहे, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेलं, १७१५ चं, आरमारासाठी लाकूड तोडण्याच्या संदर्भातलं. रामचंद्रपंत महाराजांच्या हाताखाली तयार झालेले, तेव्हा धोरण महाराजांचंच असेल असं म्हणायला वाव आहे, पण "महाराजांनी पत्रात लिहिलं" असं म्हणायला नाही. भाजीच्या देठाचा उल्लेख मात्र खरोखर महाराजांच्या पत्रातला आहे, १६७६ मध्ये प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या. आता हे दोन्ही जोडून एकच "पत्र" करून फिरतं, आणि वर चिपळूणच्या छावणीचं वाक्य चिकटवलेलं असतं. तीन कागद, तीन वेगळ्या तारखा. असल्या गोधडीला खरं म्हणायचं की खोटं? मी "वाक्यं खरी, पत्र खोटं" असं उत्तर देते.

प्र. ७. पत्रावर "खमस अर्बैन अलफ" असलं काहीतरी लिहिलेलं असतं, ती तारीख आहे का?

हो, साल आहे. सुहूर सन अरबी शब्दांत लिहायची पद्धत होती: खमस म्हणजे पाच, अर्बैन चाळीस, अलफ हजार, झालं १०४५. त्यात ५९९ मिळवले की १६४४, म्हणजे १६४४-४५. हा सन मृग नक्षत्र लागतं तेव्हा, त्या काळात मे महिन्याच्या शेवटी, बदलायचा, म्हणून जानेवारी ते मे मधला कागद असेल तर ६०० मिळवायचे. शक असेल तर ७८, आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, पौष-माघ-फाल्गुनात, ७९. "छ ७ रमजान" असं दिसलं तर छ म्हणजे चंद्र, हिजरी महिन्यातली तारीख.

हे एवढं का सांगतेय, तर बनावट कागद इथेच सापडतात. महिना आणि वार जुळत नाही, किंवा तारखेला तो माणूस मेलेला असतो नाहीतर त्या हुद्द्यावर आलेलाच नसतो.

प्र. ८. जन्मतारीख आधी १६२७ होती, मग १६३० कशी झाली? राजकारण झालं का?

राजकारण पुष्कळ झालं, पण तारीख कागदाने बदलली. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ ही तारीख उत्तरकालीन बखरींवरून चालत आली होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ आहे. जेधे कान्होजीपासून महाराजांच्या बरोबरचे, आणि शकावली म्हणजे नुसत्या तारीखवार नोंदी, तिला कुणाची स्तुती करायची नव्हती. मग शिवभारत उजेडात आलं, त्यातही तेच. राजस्थानातल्या जुन्या जन्मकुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली, तीही याच तारखेला जुळते. एकमेकांशी काही संबंध नसलेली तीन साधनं एकच गोष्ट सांगतायत, याच्याहून भक्कम जुळणी शिवकालात क्वचितच मिळते. राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० मान्य केली २००१ मध्ये.

तिथीने साजरी करायची की तारखेने हा वेगळा वाद, त्यात मी पडत नाही. दोन्हीकडे दिवस तोच आहे.

प्र. ९. राज्याभिषेक ६ जूनला की १६ जूनला? काही ठिकाणी दहा दिवसांचा फरक का दिसतो?

दोन्ही बरोबर. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६ हा दिवस जुन्या ज्युलियन कॅलेंडरने ६ जून १६७४, आणि आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरने १६ जून. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर वापरायचे, पोर्तुगीजांनी नवं १५८२ लाच घेतलं होतं. सतराव्या शतकात दोन्हीत दहा दिवसांचं अंतर. म्हणून मुंबईचा इंग्रज आणि गोव्याचा पोर्तुगीज एकाच घटनेबद्दल वेगळ्या तारखा देतात आणि कुणीच खोटं बोलत नसतो. जन्मतारखेचंही तेच, १९ फेब्रुवारी म्हणजे नव्या हिशोबाने १ मार्च.

आणखी एक खड्डा आहे. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ ची, पण त्यांच्या कागदावर जानेवारी १६६३ लिहिलेलं सापडेल. ते बघून "तारीख चुकीची शिकवली" असे व्हिडिओ निघालेत!

प्र. १०. इंग्रज, पोर्तुगीज, डच तर परके, शत्रूच. त्यांचं कशाला ऐकायचं?

परके होते म्हणूनच ऐकायचं, फक्त कान उघडे ठेवून. कंपनीचा वखारवाला वरच्या साहेबाला लिहितोय, त्याला माल, पैसा आणि धोका यांची काळजी आहे. ते पत्र आपण वाचू हे त्याच्या गावीही नव्हतं. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाला रायगडावर हजर होता आणि त्याने लिहून ठेवलंय. महाराजांच्या सुवर्णतुलेबद्दल इंग्रजांच्या नोंदीत सुमारे सोळा हजार पगोडा म्हणजे होन असा आकडा येतो. पगोडा साधारण ३.४ ग्रॅमचा धरला तर हे चौपन्न किलोच्या आसपास जातं, म्हणजे माणसाच्या वजनात बसतंय. आता सभासद बघा, तो राज्याभिषेकाचा एकूण खर्च एक कोटी बेचाळीस लाख होन देतो. जदुनाथ सरकारांनी हा आकडा मानला नाही आणि मलाही तो "अपार खर्च झाला" एवढंच सांगणारा वाटतो.

उलट बाजूही आहे. महाराज वारल्याच्या खोट्या बातम्या इंग्रजांनी इतक्यांदा पुढे पाठवल्या की १६८० मध्ये खरी बातमी आली तेव्हा एका पत्रात उपहासाने लिहिलंय, हा इतक्या वेळा मेलाय की लोक त्याला अमर समजायला लागलेत. म्हणजे लांबची बातमी त्यांच्याकडेही अफवा म्हणूनच यायची.

डचांची वखार वेंगुर्ल्याला होती, तिथून बटाव्हियाला अहवाल जायचे. पोर्तुगीजांचे कागद पणजीच्या पुराभिलेखात आहेत, ते दफ्तर १५९५ पासूनचं, आणि त्यातला मराठ्यांशी संबंध असलेला भाग पिसुर्लेकरांनी उजेडात आणला. कोकण आणि बारदेशच्या मोहिमांवर बोलायचं तर गोव्याला वळसा घालून चालत नाही. प्रवाशांचं मात्र वेगळं. मनुची महाराजांना जयसिंगाच्या छावणीत १६६५ मध्ये भेटला हे खरं, पण पठ्ठ्याला गप्पा मारायची भारी हौस. कोस्मे दा गार्दाने पोर्तुगीजमध्ये चरित्र लिहिलं १६९५ मध्ये, छापलं गेलं १७३० ला, आणि त्यात ऐकीव कहाण्यांचा सुळसुळाट आहे. युरोपियन आहे म्हणून वजन द्यायची सवय आपल्याकडे अजून जात नाही.

प्र. ११. आणि मोगलांचे कागद? आग्र्याची गोष्ट कशावरून कळते?

औरंगजेबाच्या दरबाराची रोजची बातमीपत्रं असत, अखबारात. कोण आलं, कुणाला खिलत (मानाचा पोशाख) दिली, कोणता हुकूम सुटला. कोरडं, पण त्याच दिवशीचं. आग्र्यासाठी मात्र सगळ्यात मोठा खजिना जयपूरचा. मिर्झाराजांचा मुलगा रामसिंग याच्यावर महाराजांची जबाबदारी होती, त्याच्या पदरचा परकालदास आंबेरच्या कल्याणदासाला राजस्थानीत पत्रं लिहीत होता. १२ मे १६६६ च्या दरबारात काय झालं, महाराज कसे चिडले, त्यांचा लवाजमा कसा होता, हे आपल्याला बऱ्यापैकी याच्यामुळे कळतं. परकालदासाला ना महाराजांची स्तुती करायची होती ना औरंगजेबाची, त्याला आपल्या मालकावर काही शेकू नये एवढीच चिंता.

खाफीखान वेगळा. तो अठराव्या शतकात बसून लिहितोय. त्याला अखबारांच्या रांगेत बसवून "मोगल साधनं म्हणतात" असं लिहिणारे लेख दिसले की कपाळाला हात लावते.

प्र. १२. मग बखरी काय फेकून द्यायच्या?

फेकायच्या नाहीत, कोण बोलतंय हे बघून वाचायच्या. धडा म्हणून एकच उदाहरण पुरे, संभाजी महाराजांचं. त्यांची व्यसनी, बेजबाबदार अशी जी प्रतिमा दीडशे वर्षं चालली तिला मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीचा मोठा हातभार. ही बखर १८१० च्या सुमाराची, म्हणजे संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी. आणि मल्हार रामराव हा बाळाजी आवजी चिटणीसांच्या घराण्यातला, ज्या बाळाजींना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला. प्र. ३ मधला तिसरा प्रश्न इथे लावून बघा. पुढे वा. सी. बेंद्रे, कमल गोखले यांनी पत्रं, दानपत्र, परकीय कागद धुंडाळून चरित्र नव्याने उभं केलं तेव्हा ते चित्र पुसायला लागलं.

पण म्हणून चिटणीस सगळंच खोटं लिहितो असं नाही, त्याच्या हाताशी घरचे जुने कागद होते. आवडणाऱ्या प्रसंगाला चिटणीसाचा हवाला द्यायचा आणि नावडता आला की "तो तर द्वेष्टा" म्हणायचं, हे चालणार नाही.

प्र. १३. तानाजींची घोरपड, "गड आला पण सिंह गेला", हे खरं ना?

घोरपड येते तुळशीदासाच्या पोवाड्यातून, सभासदात तिचा पत्ता नाही. पोवाडा म्हणजे लोकांसमोर डफावर म्हणायचं कवन, तिथे घोरपड पाहिजेच. सभासदात महाराजांच्या तोंडी वाक्य आहे ते "एक गड घेतला, परंतु एक गड गेला", आणि खरं सांगायचं तर तेच मला जास्त लागतं. सिंह गेला म्हणून सिंहगड नाव पडलं हे तर जमतच नाही, कारण लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची आणि सिंहगड हे नाव १६६३ च्या पत्रात आहे.

पोवाडा निरुपयोगी असतो असं मात्र नाही. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा जुना आहे. लोकांना ही घटना कशी दिसली, कुणाची नावं त्यांच्या तोंडी होती, हे त्यातूनच कळतं.

प्र. १४. दगडात कोरलेलं तर खोटं नसेल ना?

दगड कधी कोरला ते बघा. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलाय, प्रचंड मोठा लेख आहे, तंजावरला गेलात तर जरूर बघा. पण तो सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतला. तंजावरच्या राज्याबद्दल तो मोलाचा, शहाजीराजांच्या बालपणाबद्दल तो सुमारे दोनशे वर्षांनंतरची आठवण. दगडावर आहे म्हणून वय वाढत नाही.

शिवाय वाचन चुकतं. रायगडाच्या जगदीश्वराच्या पायरीवर "सेवेचे ठायी तत्पर" च्या पुढे हिरोजी इटळकर असं आहे, आणि सगळं जग इंदुलकर म्हणतं.

प्र. १५. साताऱ्याला आलेली वाघनखं खरी का? आणि आमच्याकडे शिवराई आहे, ती महाराजांच्या काळची का?

वस्तू स्वतः बोलत नाही, ती कुणाकडून कुणाकडे गेली ही साखळी बोलते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात उसनी आली. ती साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याला मिळाली असं त्यांच्यासोबतची माहिती सांगते, म्हणजे साखळी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जाते, त्याच्या मागची दीडशे वर्षं रिकामी. अफझलखानावर चालवली तीच ही, याची खात्री देता येत नाही असं ते म्युझियमच म्हणतं. बघायला मिळाली तर बघा, पण हे माहीत असू द्या.

शिवराई म्हणजे तांब्याचं नाणं, त्या पेशवाईतही पाडल्या जायच्या आणि नंतरही चालल्या. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक दुदांडी, म्हणजे उत्तरकालीन. विकणारा "रायगड टांकसाळ" म्हणाला तर हसून पुढे जा.

चित्रांचंही तसंच. महाराजांचं म्हणून एके काळी घरोघरी असलेलं चित्र भलत्याच माणसाचं निघालं, आणि डच संग्रहातून आलेलं चित्र बेंद्र्यांनी पुढे आणलं.

प्र. १६. समकालीन साधनंच एकमेकांच्या विरुद्ध बोलली तर कुणाचं धरायचं?

आधी ती नेमकी कुठे भांडतात ते वेगळं काढा. अफझलखान भेट घ्या. तारीख, जागा, खान मारला गेला, फौज उधळली, यावर सगळे एक. शिवभारत आणि सभासद दोघेही खानाने आधी वार केला म्हणतात, पण हत्यार वेगळं देतात, शिवभारतात कृपाण आहे, सभासदात बिचवा आणि वाघनख. खाफीखान दगा महाराजांनी केला म्हणतो. म्हणजे भांडण दोन मुद्द्यांवर, पहिला वार कुणाचा आणि हत्यार कोणतं.

पहिल्यासाठी असा साक्षीदार शोधा ज्याचा कुणाशी लागाबांधा नाही. राजापूरच्या इंग्रजांचं डिसेंबर १६५९ चं पत्र आहे, भेटीनंतर महिन्याभरातलं. त्यात लिहिलंय की विजापूरच्या राणीनेच खानाला मैत्रीचं सोंग घ्यायला सांगितलं होतं. तंबूत काय झालं हे त्या इंग्रजाने बघितलेलं नाही, तेव्हा पहिला वार कुणाचा हे तो सिद्ध करत नाही, पण खानाच्या मनात दगा होता याला तिसरीकडून दुजोरा मिळतो. हत्याराचा मुद्दा उघडाच ठेवावा लागतो. "माहीत नाही" हे उत्तर चालतं, फक्त व्ह्यूज मिळत नाहीत.

प्र. १७. कागदात उल्लेख नाही म्हणजे घडलंच नाही का? हिरकणीचं काय?

अवलंबून आहे. कागदात असायलाच हवी अशी गोष्ट नसेल तर शंका घ्या. राजाने मोठी देणगी दिली, किल्ला घेतला, लग्न केलं आणि मराठी, फारसी, इंग्रज कुणालाच पत्ता नाही, हे विचित्र. पण दूध विकायला आलेली बाई कड्यावरून उतरली ही गोष्ट तेव्हाच्या दफ्तरात यायचं कारणच काय? हिरकणीची कथा समकालीन कागदात नाही, बुरुज आहे, लोकांच्या तोंडी गोष्ट आहे. ती दंतकथा म्हणून सांगा, पुरावा मागणाऱ्याशी भांडू नका आणि तिला खोटी ठरवून शौर्यही गाजवू नका.

याची उलट बाजू म्हणजे वादग्रस्त कागद. दादाजी नरसप्रभूंना लिहिलेलं "हिंदवी स्वराज्य" वालं पत्र अस्सल की नाही यावर अभ्यासकांत जुना वाद आहे, मिर्झाराजांना फारसी पद्यात लिहिलेलं म्हणून फिरणाऱ्या पत्रावरही संशय घेतला गेलाय. अशा कागदांवर इमारत बांधू नये. रामदास, दादोजी यांच्यावरचे प्रश्न इथे मुद्दाम घेतले नाहीत, कारण विचारणाऱ्याला बहुतेकदा कागद नको असतो, आपल्या बाजूचा शिक्का हवा असतो. तिथेही कसोट्या प्र. ३ आणि प्र. ४ मधल्याच.

प्र. १८. विकिपीडिया, यूट्यूब, चॅटजीपीटी चालेल का?

विकिपीडिया दारापर्यंत पोचवतो, खालच्या तळटीपा उघडा आणि तिथून पुढे चालत जा. यूट्यूबवर बोलणारा माणूस कागद स्क्रीनवर दाखवतो का, खंड आणि लेखांक सांगतो का, एवढंच बघा, पार्श्वसंगीत जितकं मोठं तितका संदर्भ छोटा असा माझा अनुभव आहे. चॅटजीपीटी आणि तसली बाकीची मंडळी पुस्तकाचं नाव, खंड, पान सगळं ऐटीत देतात आणि ते पान उघडलं की तिथे भलतंच असतं. पान उघडल्याशिवाय संदर्भ पुढे पाठवू नका. जुने खंड स्कॅन होऊन नेटवर फुकट उपलब्ध आहेत, तेव्हा "मिळत नाही" ही सबबही राहिलेली नाही.

प्र. १९. आमच्या घरात माळ्यावर मोडी कागद सापडलेत. आता काय करू?

लॅमिनेट करू नका! सेलोटेप, स्टेपल, रबरबँड काही नको, आणि वर पेनाने नंबर टाकू नका. कागद ज्या क्रमाने रुमालात बांधलेत तो क्रम मोडू नका, शेजारचा कागद कोणता होता यावरून पुष्कळ कळतं. दिवसाउजेडी, फ्लॅश न मारता, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागच्या कोऱ्या बाजूलाच कधी कधी शिक्का असतो.

वाचून घेताना दोघांकडून वेगवेगळं वाचून घ्या. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे गावांची आणि माणसांची नावं हमखास चुकतात. आणि आधीच "यात आमच्या पूर्वजांचं नाव शोधा" असं सांगू नका, वाचणाराही माणूसच आहे, शोधायला लावलं की सापडतं.

अस्सल आहे का हे विचारायला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पुराभिलेखागार आहे जिथे पेशवे दफ्तर ठेवलंय, कोल्हापूरला पुराभिलेखागार आहे, खानदेशातल्यांना धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ जवळ पडेल. जाताना फोटोंचा संच घेऊन जा, मूळ कागद पहिल्याच दिवशी कुणाच्या हातात देऊ नका, आणि दिलेच तर पावती घ्या. बहुतेकांच्या कागदात जमिनीचा वाद, कर्जरोखा किंवा वाटणीपत्र निघतं, महाराजांचं पत्र निघत नाही. वाटणीपत्रात भांडीकुंडी, जनावरं, विहिरीतला हिस्सा, सगळं लिहिलेलं असतं, तेव्हा निराश होऊन रुमाल परत माळ्यावर टाकू नका, त्याचं लिप्यंतर टाइप करून मंडळाकडे एक प्रत द्या.